हौसेची उघडी गाडी

'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो खरं, पण हौस चार चाकांची असली की तिला मोल असतं, आणि ते चांगलंच असतं! गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी उघड्या टपाची जुनी गाडी घ्यायची टूम निघाली. हौस ह्यांची, असं मी शेजारीपाजारी सांगत होते. पण खरं सांगू? हिवाळ्यातल्या सकाळी टप काढून संगमनेर-अकोल्यावरून भंडारदऱ्याला जावं, स्टीअरिंग आपल्या हाती असावं, हे स्वप्न माझंही होतं. म्हणूनच मी दोन अटी आधीच घातल्या. लेकीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही आणि घरातलं कुणी जिथे धड बसू शकत नाही अशी गाडी आणायची नाही.

उघडी म्हणजे कोणती?

सिनेमातली लांबलचक कन्व्हर्टिबल डोळ्यांपुढे आणू नका. सॅन स्टॉर्म नावाची एक उघडी गाडी आपल्या देशात तयार झाली होती, पण तिला आसनं दोनच. मुलं काय घरी ठेवायची? आपल्याकडे संसारी माणसाची उघडी गाडी म्हणजे जीपच्या जातीची, कापडी टपाची. जुन्या बाजारात त्यातल्या तीन मुख्यतः दिसतात.

पहिली, मारुतीची जिप्सी. 1985 साली आली, 2019 मध्ये बंद झाली. पेट्रोलवर चालते, वजनाला हलकी आणि चिखलातून सहज निघते. पण चारी चाकांना पाटे असल्यामुळे खड्डा थेट कमरेला कळतो. दुसरी, 2010 साली आलेली महिंद्रची जुनी थार. इंजिन दमदार, पण मागे समोरासमोरची बाकं. तिसरी, 2020 च्या ऑक्टोबरात आलेली नवी थार. ही आपल्या नाशिकच्या कारखान्यातली. तिच्यातही कापडी टपाचा प्रकार आला होता. जुन्या बाजारात तिची किंमत अजून चढी आहे, हे मात्र आधीच सांगते.

मावणं आणि बसणं

आमच्या घरात माणसं पाच. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हे म्हणाले, "जिप्सीत सगळे मावतात." मी म्हटलं, "अहो, मावणं वेगळं आणि बसणं वेगळं!" आडव्या बाकावर पट्टा नसतो. अचानक ब्रेक लागला तर मूल धरायचं कशाला? आणि टप काढलेला असला तर विचारायलाच नको. म्हणून माणसं मोजू नका, पट्टे मोजा. जितके पट्टे तितकीच माणसं.

या हिशेबात नवी थार पुढे गेली. तिची मागची दोन आसनं पुढे तोंड करून आहेत, प्रत्येकाला पट्टा आहे आणि डोक्यावर लोखंडी सांगाडा आहे. ग्लोबल एनकॅपच्या 2020 मधल्या धडक-चाचणीत तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले. मात्र सुरुवातीच्या काही गाड्यांना मागे आडवी बाकंही होती, तेव्हा पाहून घ्या. तिलाही उणं आहेच. आसनं चारच, आणि मागे जायला पुढची खुर्ची सरकवून चढावं लागतं.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मला कशाला मोजता? मी घरीच बरी." त्या वाक्यानं माझा जीव चरकला. हौसेपायी घरातलं एक माणूस वजा होत असेल, तर ती हौस कसली?

बघायला जाल तेव्हा

आम्ही पाहिलेली पहिली गाडी रंगानं चकचकीत होती. ह्यांनी टायरला लाथ मारून पसंतीही दिली! तेवढ्यात धाकट्यानं पायाखालचा गालिचा उचलला आणि त्याचं बोट पत्र्यातून आरपार गेलं. आर.सी. बुकवरचा इंजिन नंबर पाहिला, तर तोही जुळेना. आम्ही चहाही न घेता परतलो. तेव्हापासून मी हे पाळते :

गालिचा उचलून पत्रा दाबून पाहा. उघड्या गाडीत पाणी तिथेच साठतं.

टप लावून वरून दोन बादल्या पाणी ओता आणि आत बसून पाहा. मालकाला राग आला तर येऊ द्या.

टप स्वतः काढून, लावून पाहा. वाटेत पाऊस आला तर तो तुम्हालाच लावायचा आहे.

इंजिन आणि चासी नंबर कागदाशी ताडून पाहा. मोठी चाकं, कापलेला पत्रा, बदललेलं इंजिन असले बदल नोंदीत नसतील, तर दंड आणि विम्याची कटकट नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करून घ्या. दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध आले. पण तिथलं ना-हरकत पत्र आणि इथला कर धरला, की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. आम्ही श्रीरामपूर पासिंगचीच, एम.एच. 17 ची गाडी शोधली.

आपल्या भागाचा विचार

टप उघडायचे आपले दिवस मोजकेच. उन्हाळ्यात नको, ऊन भाजून काढतं. नगर-मनमाड रस्त्याची धूळ तर सांगायलाच नको. हिवाळ्यात हवा छान, पण तेव्हाच कारखाने सुरू असतात. उसाच्या ट्रॉलीमागे टप काढून जाऊन पाहा, घरी येताना केसांत पाचट! समृद्धी महामार्गावरच्या वेगातही टप लावलेलाच बरा. आमची मजा राहाता-लोणीच्या आतल्या रस्त्यांवर, पेरूच्या बागांजवळून.

गुरुवारी आणि रविवारी गावात गर्दी असते. कापडी टपाला कुलूप नसतं, ब्लेडनं फाटतो. पर्स गाडीत ठेवू नका.

टप ओला असताना घडी घालू नका, बुरशी धरते. सौम्य साबण आणि मऊ ब्रशनं धुवा. प्लॅस्टिकच्या खिडक्या कोरड्या फडक्यानं पुसल्या तर ओरखडे पडतात, आधी पाणी मारा. चेन अडली तर मेणबत्ती घासा.

शेवटी काय केलं?

घरची जुनी बंद गाडी विकायची नाही, असं ठरलं. पाचजणं निघालो की ती. त्यामुळे पैसे कमी पडत होते. मग पाच महिने थांबलो, माझ्या शिकवणीचे पैसे साठले, आणि कापडी टपाची चार आसनी थार आली. ठेव जागच्या जागी आहे.

पूजा झाली तेव्हा सासूबाई लांब उभ्या होत्या. मी दारापाशी लाकडी पाट ठेवला, पुढचं दार उघडलं आणि म्हटलं, "चला." पाटावर पाय ठेवून त्या चढल्या, पट्टा मी लावला. त्या दिवशी मुलं आणि हे घरी, आम्ही दोघी गाडीत. राहात्यापर्यंत त्यांनी पदर डोक्यावर घट्ट धरला होता. येताना सोडून दिला.

तो पाट आता गाडीतच असतो.