माडीवर काय न्यायचं, खाली काय ठेवायचं?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं, की सांगलीत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. माडीवर काय न्यायचं? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, बाजारपेठेत शिरलं. तळमजल्यावर कपाट असो की कम्प्युटर, पाण्याला दोन्ही सारखेच.

म्हणून तुमच्यातला कुणी ना कुणी कॉलेजची वेबसाइट किंवा प्रोजेक्टचा सर्व्हर क्लाउडवर हलवायचं ठरवतोच. क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्या शहरातलं भाड्याचं मशीन. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून सुरू आहे. पण हलवताना सगळंच उचलू नका. नेट संपेल, भाडं वाढेल आणि नवं मशीन चालूही होणार नाही!

मग मागे काय ठेवायचं? लिनक्स सर्व्हर असेल तर ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ हे फोल्डर आधी वगळा. त्यात खऱ्या फायली नसतातच, चालू मशीनची त्या क्षणाची माहिती असते. ‘डेव्ह’, ‘टेंप’ यांच्यातला माल नको, कॅशे नको. ‘नोड मॉड्यूल्स’ तर नकोच, ते तिकडे एका कमांडमध्ये पुन्हा तयार होतं. डिस्क आणि नेटवर्कच्या सेटिंगच्या फायली जुन्या मशीनच्या मापाच्या असतात. त्या नव्यावर टाकल्या, तर ते सुरूच न होण्याची भीती. चालू डेटाबेसच्या फायलीही तशाच कॉपी करू नका. अर्धवट येतात. त्याचा डंप काढा आणि तो न्या.

हे काम करणारं नेहमीचं टूल म्हणजे आरसिंक. वगळायच्या नावांची यादी एका फाईलमध्ये लिहून त्याला द्यायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आमच्या ग्रुपचं एक ऑनलाइन भित्तिपत्रक होतं. ते हलवताना जुन्या लॉगचा ‘अर्काइव्ह’ नावाचा फोल्डर नको म्हणून मी यादीत नुसतं ‘अर्काइव्ह’ लिहिलं. जुन्या अंकांच्या फोल्डरचं नावही तेच होतं, हे डोक्यातच आलं नाही. सीनिअर्सनी २०१९च्या पुरात काढलेले फोटो त्यातच. नवी साइट झकास उघडली, आम्ही चहाही घेतला. आठवड्याने एका ताईंनी विचारलं, “अगं, आमचे फोटो कुठं गेले?” जुनं मशीन दुसऱ्या दिवशी फॉरमॅट व्हायचं होतं. रात्रीच पळत जाऊन फोटो काढून आणले. पाय अजून लटपटतात.

चूक साधी होती. नुसतं नाव लिहिलं, की त्या नावाचं जे जे असेल, जिथे असेल, ते सगळं वगळलं जातं. नावाआधी स्लॅश दिला, की कॉपी जिथून सुरू होते तिथला, वरच्या पातळीवरचाच तेवढा वगळला जातो. आत खोलवरचा वगळायचा असेल, तर तिथपासून पूर्ण वाट लिहायची. एका स्लॅशचा फरक!

तेव्हा तुम्ही तीन गोष्टी करा. आधी ‘ड्राय रन’ चालवा. काय जाणार, हे दिसतं, पण काहीच हलत नाही. ती यादी वाचा, नुसती स्क्रोल करू नका. मग दोन्हीकडच्या फायली मोजा आणि वगळलेलं सोडून आकडा जुळतो का बघा. आणि जुनं मशीन निदान महिनाभर पुसू नका.

माडीवर काय नेलं, ते आपल्याला दिसतं. खाली काय राहिलं, ते मात्र कुणीतरी मागितल्यावरच कळतं. म्हणून वगळायची यादी एकट्याने करू नका. ज्यांचं सामान आहे, त्यांना आधी विचारा.