संगणकाचा स्मृतिदोष
घरीं सुटे भाग जुळवून उभा केलेला संगणक वारंवार बंद पडूं लागला, कीं सारा दोष विंडोजच्या माथीं मारण्याची रीत आहे. पुष्कळदां अपराधी असते ती रॅमची पट्टी. बंद पडणें हा तर तिचा सौम्य उपद्रव. बिघडलेली माहिती मुकाट्यानें डिस्कवर उतरून घरचीं छायाचित्रें नासतात, हें खरें संकट. म्हणून संशय येतांच त्या यंत्रावर प्रती करणें थांबवावें. १९९४ सालचा मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम आजही उपयोगी आहे. तो पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्यापूर्वीं, रात्रभर चालवावा. एकही चूक क्षम्य नाहीं. मात्र लगेच पट्टी टाकून देऊं नये. वेग वाढविणारी एक्सएमपी योजना बंद करून पुन्हां पाहावें. मग एकेक पट्टी एकाच खांचेंत तपासावी. एकच पट्टी चुकली तर ती सदोष. साऱ्याच चुकल्या तर खांच, मदरबोर्ड वा प्रोसेसर यांवर संशय धरावा.