स्त्रियांचे वेतन : एक तर्कप्रश्न

अमेरिकेत कायद्याच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना एक विशेष परीक्षा द्यावी लागते. ती १९४८ साली सुरू झाली. तीत कायद्याचे ज्ञान विचारीत नाहीत. विद्यार्थ्याला युक्तिवाद पारखता येतो की नाही, हे प्रामुख्याने पाहतात. चारसहा ओळींचा एक उतारा, त्यातून काढलेला एक निष्कर्ष आणि खाली पाच विधाने, असे या प्रश्नांचे स्वरूप असते. पाचांपैकी एकच विधान योग्य उत्तर ठरते. स्त्रियांचे वेतन हा विषय अशा प्रश्नांना फार सोयीचा आहे. कारण त्यात आकडे असतात, न्यायान्यायाची भावना असते, आणि या दोहोंच्या मिश्रणाने भल्या भल्या बुद्धिमंतांची दृष्टी अंधूक होते. त्या धर्तीवर रचलेला पुढील प्रश्न पाहा.

'एका देशात पूर्ण वेळ काम करणाऱ्या स्त्रियांची सरासरी कमाई वीस वर्षांपूर्वी पुरुषांच्या सरासरी कमाईच्या शेकडा ६० होती. आज ती शेकडा ७५ आहे. यावरून उघड होते की, या वीस वर्षांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांची सांपत्तिक स्थिती सुधारली आहे.' पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास हा युक्तिवाद सर्वांत अधिक दुबळा होईल?

अ) शेजारच्या देशात हेच प्रमाण शेकडा ८० आहे.
आ) या वीस वर्षांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या दुप्पट झाली.
इ) महागाईचा हिशेब केला असता पुरुषांची सरासरी कमाई या काळात बरीच घटली आहे.
ई) काही थोड्या व्यवसायांत स्त्रिया पुरुषांहून अधिक मिळवितात.
उ) शेकडा ७५ म्हणजे अद्यापि समानता नव्हे.

वाचकाने येथे क्षणभर थांबून आपले उत्तर ठरवावे.

स्त्रियांविषयी ज्याला कळकळ आहे, तो वाचक बहुधा 'उ' कडे ओढला जाईल. ते विधान सत्य आहे, न्याय्यही आहे. पण ते या युक्तिवादाला स्पर्श करीत नाही. युक्तिवाद करणाऱ्याने समानता आली असे म्हटलेलेच नाही. स्थिती सुधारली एवढेच त्याचे म्हणणे आहे. प्रतिपक्षाने जे म्हटले नाही त्याचे खंडन करून विजय मानणे हा सभांमधून नित्य दिसणारा प्रकार आहे, आणि परीक्षक त्यासाठीच असे एक विधान यादीत मुद्दाम ठेवून देतात. 'अ' मध्ये दुसऱ्या देशाची गोष्ट आहे. तिने या देशातील बदल खरा की खोटा हे ठरत नाही. 'ई' तर काही थोड्या व्यवसायांपुरतेच आहे. 'आ' चा विचार पुढे करू. तूर्त एवढेच म्हणता येईल की, केवळ संख्या वाढल्याने प्रत्येकीच्या पदरात काय पडले ते समजत नाही.

राहिले 'इ'. हेच उत्तर. समजा, वीस वर्षांपूर्वी पुरुषाची सरासरी कमाई १,००० होती आणि स्त्रीची ६००. आता पुरुषाची कमाई ८०० वर आली आणि स्त्रीची होती तेथेच, ६०० वर राहिली. ६०० हे ८०० चे शेकडा ७५ होतात. प्रमाण साठाचे पंचाहत्तर झाले, पण स्त्रीच्या घरात एक पैसाही अधिक आला नाही. पुरुष आणखी खाली, ७६० वर घसरला आणि स्त्री ५७० वर आली, तरी प्रमाण तेच ७५. आणि या वेळी तर स्त्रीचे नुकसानच झाले! उलट दोघांचीही कमाई दुप्पट झाली, तर प्रमाण ६० वरच अडून राहील. स्त्रीला ६०० च्या जागी १,२०० मिळतील, पण दोघांमधले अंतर मात्र ४०० चे ८०० होईल. प्रमाण म्हणजे दोन राशींचा परस्परसंबंध. तो बदलला एवढ्यावरून त्यांपैकी कोणती राशी हलली, हे कोणालाही सांगता यावयाचे नाही.

आपल्या नैयायिकांनी या दोषाला 'सव्यभिचार' हेत्वाभास असे नाव दिले आहे. जो हेतू साध्य असेल तेथेही आढळतो आणि नसेल तेथेही आढळतो, तो सव्यभिचार. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हणू लागला की ते तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करीत. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. आपल्या प्रश्नातील 'इ' हे विधान म्हणजे असा तापलेला गोळाच होय.

हा खेळ केवळ परीक्षेच्या कागदावरचा नाही. १९६३ साली अमेरिकेत समान वेतनाचा कायदा संमत झाला. त्या वर्षी पूर्ण वेळ व वर्षभर काम करणाऱ्या स्त्रियांची मध्यक कमाई पुरुषांच्या मध्यक कमाईच्या सुमारे शेकडा ५९ होती. (सर्वांची कमाई चढत्या क्रमाने मांडली असता बरोबर मधोमध येणारी जी संख्या, ती मध्यक, थोड्या धनिकांमुळे ती फुगत नाही.) दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, हे प्रमाण पाहावे तो सुमारे शेकडा ५७! मग कायद्याने स्त्रियांचे अहित केले काय? येथे 'आ' हे विधान उपयोगी पडते. त्या काळात स्त्रिया मोठ्या संख्येने नव्याने नोकरीत येत होत्या. नवागताचा अनुभव थोडा, म्हणून पगारही थोडा. आणि अशा पुष्कळ जणी गणनेत आल्या की, जुन्या स्त्रियांपैकी एकीचेही वेतन कमी न होता मधली संख्या खाली सरकू शकते.

पुढे १९९३ पर्यंत प्रमाण शेकडा ७१ च्या वर गेले. या वीस वर्षांचा हिशेब मोठा बोधक आहे. महागाई वजा जाता स्त्रियांची कमाई या काळात खरोखरच वाढली होती. परंतु पुरुषांची १९७३ च्या मानाने कमी झाली होती. अंतर घटले ते दोन्ही बाजूंनी. म्हणजे स्त्रिया पुढे गेल्या असे म्हणणाराही बरोबर होता, आणि प्रगतीचा काही भाग पुरुषांच्या नुकसानीतून आला असे म्हणणाराही. केवळ ७१ हा आकडा पुढे करून वाद घालणाऱ्यांना मात्र या दोहोंपैकी काहीच सिद्ध करता येत नव्हते.

कोणाची गणना झाली हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते २०२० च्या साथीने दाखवून दिले. त्या वर्षी अमेरिकेत पूर्ण वेळ व वर्षभर काम करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ३७ लाखांनी घटली. आणि अशा कामगारांची मध्यक कमाई शेकडा ६.९ ने वाढली! उपाहारगृहे, दुकाने, हॉटेले बंद पडली आणि थोड्या पगारावरची माणसे गणनेतून गळाली. जी उरली, त्यांची मधली संख्या आपोआप वर चढली. वर्गातील मागच्या बाकावरची मुले गैरहजर राहिली, तर त्या दिवशी वर्गाचे सरासरी गुण वाढतात. कोणी अधिक अभ्यास केलेला नसतो.

आता दुसऱ्या बाजूची युक्ती पाहू. एका कचेरीत १० अधिकारी आहेत, प्रत्येकास ५०,००० रुपये. आणि १० कारकून, प्रत्येकास २०,०००. अधिकाऱ्यांत ८ पुरुष व २ स्त्रिया. कारकुनांत २ पुरुष व ८ स्त्रिया. पुरुषांची सरासरी ४४,००० आणि स्त्रियांची २६,००० येते, म्हणजे सुमारे शेकडा ५९. चालक म्हणतील, 'एका हुद्द्यावर सर्वांना एकच पगार आहे. अन्याय कोठे आहे?' पगारपत्रकापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. पण अधिकाऱ्यांत दोनच स्त्रिया का, हा प्रश्न त्यांनी टाळला आहे. हुद्द्यांनुसार विभागणी केल्याने कधी सत्य उघडे होते, तर कधी ज्या ठिकाणी अन्याय झाला तीच जागा विभागणीच्या आड दडते.

अशी एक विभागणी आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी आणि कंपनीविरुद्धच्या या खटल्याचा निकाल १९८७ साली लागला. कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली महिला लघुलेखिका असत. पुरुष लघुलेखक वेगळ्या विभागात असत व त्यांना वेतन अधिक मिळे. महिलांच्या त्या वर्गात पुरुष कोणी नव्हताच. तेव्हा तुलना करावयाची कोणाशी, असा पेच उभा राहिला. न्यायालयाने वर्गाचे नाव बाजूला ठेवले आणि प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिले. काम व्यवहारतः एकच, म्हणून १९७६ च्या समान वेतन कायद्याप्रमाणे वेतनही एकच, असा निर्णय झाला. स्त्रियांचा म्हणून वेगळा वर्ग करावयाचा आणि मग त्या वर्गात स्त्रियाच आहेत म्हणून तुलना अशक्य आहे असे म्हणावयाचे, या युक्तिवादात जे सिद्ध करावयाचे तेच आधी गृहीत धरलेले असते.

हुद्द्यांची व व्यवसायांची विभागणी करूनही सर्व अंतर सुटत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनातून दिसून आले. त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या अमेरिकेतील अंतराचा मोठा भाग एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि तो पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर ठळक होतो, असे त्यांनी दाखविले. अवेळी बोलावले तरी हजर राहणाऱ्याला जेथे अधिक मोबदला मिळतो, तेथे लहान मूल असलेली स्त्री मागे पडते.

त्याच २०२३ साली अमेरिकेतील हे प्रमाण शेकडा ८४.० वरून ८२.७ वर उतरले. इतकी स्पष्ट घट २००३ नंतर प्रथमच झाली होती. 'स्त्रियांची कमाई घटली' असा निष्कर्ष यावरून काढण्यापूर्वी दोन्ही राशी पाहाव्यात : महागाई वजा जाता त्या वर्षी स्त्रियांची मध्यक कमाई शेकडा १.५ ने वाढली होती, आणि पुरुषांची शेकडा ३.० ने.