चाकांचे धनुष्य: जुन्या कंपाउंडची किंमत कशी ओळखावी

हरणाचे कान बाणापेक्षा चपळ असतात. दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो, हरीण उडी घेण्यासाठी क्षणभर खाली दबते आणि नेमका धरलेला बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात बिलिंग्ज गावी राहणारे हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना यावर तोडगा हवा होता, म्हणजेच बाणाला अधिक वेग हवा होता. त्यांनी एका रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या, धनुष्याची दोन्ही टोके कापली आणि तिथे पुल्या बसवल्या. पुलीचे भोक बरोबर मध्यावर होते तोवर फारसे काही साधले नाही. भोक मध्यापासून एका बाजूला सरकवले, तेव्हा धनुष्याचा स्वभावच पालटला. 1966 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 30 डिसेंबर 1969 रोजी त्यांना 3,486,495 क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले. आज ज्याला आपण कंपाउंड धनुष्य म्हणतो, त्याचा उगम या सरकवलेल्या भोकात आहे.

जुनी कंपाउंड धनुष्ये अमेरिकेत जागोजागी सापडतात. गॅरेजच्या भिंतीवर, जुन्या मालाच्या दुकानात, घर रिकामे करताना निघालेल्या सामानात. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनाही शनिवारच्या गॅरेज सेलमध्ये एखादे दिसते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: पन्नास वर्षे जुने आहे, मग याला बरीच किंमत असेल ना? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असते. मोजक्या वेळा मात्र ते ठणठणीत ‘हो’ असते. या दोन उत्तरांतला फरक कळायला आधी चाक कसे चालते ते समजून घ्यावे लागते, कारण या वस्तूची किंमत तिच्या वयापेक्षा तिच्या यंत्रणेवरून ठरते.

साधे धनुष्य ताणताना दोरी जितकी मागे येते तितका जोर वाढत जातो आणि पूर्ण ताणल्यावर सगळा भार बोटांवर असतो. साठ पाउंडांचे रिकर्व्ह ताणून नेम धरणारा माणूस त्या अवस्थेत साठ पाउंड पेलत असतो. हात थरथरायच्या आत बाण सोडावाच लागतो. कंपाउंडमध्ये दोन्ही पात्यांच्या, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या लवचीक भागांच्या, टोकांना एकेक चाक असते आणि त्या चाकावर शेजारी-शेजारी दोन खाचा असतात. एका खाचेत हाताने ओढायची दोरी, दुसरीत केबल. ही केबल पलीकडच्या पात्याच्या टोकाला जाऊन अडकते. दोरी ओढली की चाक फिरते, केबल चाकावर गुंडाळली जाते आणि दोन्ही पाती एकमेकांकडे वाकतात.

चाकाचा आस मध्यावर नसल्यामुळे चाक फिरताना आसापासून दोरीचे अंतर बदलत राहते आणि केबलचेही. सुरुवातीला दोरी आसाच्या जवळ असते व केबल लांब. लांब दांड्याचा पाना घेतला की घट्ट नटही सहज सुटतो, आखूड पान्याने तोच नट घाम काढतो. इथे पहिल्यांदा आपल्या हाती आखूड पाना असतो. म्हणून पाती फारशी वाकलेली नसतानाही ओढायला जड जाते आणि जोर झपाट्याने शिखरावर पोहोचतो. चाक आणखी फिरते, दोरी आसापासून दूर जाते, केबल जवळ येते. आता पाती सर्वाधिक वाकलेली आहेत, त्यांच्यातला ताण सर्वाधिक आहे, तरी हातावरचा भार उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. साठ पाउंडांच्या धनुष्याला पन्नास टक्के लेट-ऑफ असेल तर नेम धरताना बोटांवर तीसच पाउंड राहतात. भोक मध्यावर असते तर ही दोन अंतरे बदललीच नसती आणि भार उतरलाच नसता.

याचा दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. साध्या धनुष्यात जोर शेवटी-शेवटी वाढतो. कंपाउंडमध्ये तो लवकर वर चढतो, बराच काळ वरच राहतो आणि मग उतरतो. तितकीच दोरी ओढून पात्यांत जास्त ऊर्जा साठते. सोडल्यावर हाच क्रम उलटा चालतो: बाणाला पहिला धक्का हलका बसतो आणि मग जोर वाढतो. त्यामुळे हलका बाणही न लचकता सरळ निघतो. अ‍ॅलन यांना हवा असलेला वेग असा हाती आला.

ही कल्पना उद्योगाच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. केबल आणि पुल्यांचे ते धूड पाहून धनुष्य बनवणाऱ्या प्रस्थापित कंपन्यांनी तोंड फिरवले. कॅलिफोर्नियातले धनुष्यनिर्माते टॉम जेनिंग्ज यांना मात्र त्यात अर्थ दिसला आणि अ‍ॅलन यांच्याकडून परवाना घेऊन त्यांनी कंपाउंड बनवायला सुरुवात केली. पुढे बाकीचेही आले. फ्रेड बेअर यांची बेअर आर्चरी, पीट शेपली यांची पीएसई, ब्राउनिंग, मार्टिन, डार्टन, हॉइट. पेटंटवरून कोर्टकज्जेही झाले. ब्राउनिंगविरुद्धच्या खटल्यात 1987 साली अपील न्यायालयाने अ‍ॅलन यांच्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तो पाहायला अ‍ॅलन नव्हते. 1979 मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले होते.

हा इतिहास माहीत असला की हातातले धनुष्य स्वतःच बोलू लागते. मधला भाग, म्हणजे मूठ असलेला रायझर, पाहा. तो लाकडी आहे की धातूचा? अगदी सुरुवातीची कंपाउंड लाकडी रायझरची आहेत. मॅग्नेशियमचे ओतीव रायझर नंतर सर्रास झाले. मग चाके मोजा. अ‍ॅलन यांच्या मूळ रचनेत टोकांच्या चाकांखेरीज पात्यांवर आणखी पुल्या होत्या. चार, कधी सहा चाकांची ती गुंतागुंत जुळवताना जीव मेटाकुटीला यायचा. त्यामुळे फक्त दोन चाकांची सुटसुटीत रचना आल्यावर ग्राहक तिकडे वळले. म्हणूनच जास्त चाके बहुधा जास्त जुनेपणाची खूण ठरतात. तिसरी गोष्ट म्हणजे पात्यावरची किंवा रायझरवरची चिकटपट्टी. अ‍ॅलन यांच्या पेटंटचा क्रमांक परवानाधारकांच्या धनुष्यांवर छापलेला असे. ‘पेटंट प्रलंबित’ एवढेच लिहिलेले अ‍ॅलन कंपनीचे धनुष्य मिळाले, तर ते 1969 संपण्यापूर्वीचे असण्याची दाट शक्यता. पेटंटची मुदत तेव्हा सतरा वर्षांची असे, म्हणून क्रमांक छापलेले धनुष्य साधारण 1970 ते 1986 या काळात बसते.

किंमत इथेच ठरते. लाकडी रायझरचे, जादा पुल्यांचे सुरुवातीचे अ‍ॅलन किंवा जेनिंग्ज हे संग्राहकांचे खरे लक्ष्य, कारण कंपाउंडची कथा जिथे सुरू होते तिथली ती वस्तू आहे. ती मुळात थोडी बनली आणि त्यातली टिकली त्याहून थोडी. याउलट बेअरचे व्हाइटटेल हंटर घ्या. उत्तम धनुष्य, हजारो घरांत पोहोचलेले आणि म्हणूनच बाजारात मुबलक. 1970 च्या उत्तरार्धापासून 1980 च्या दशकापर्यंतची अशी बहुसंख्य धनुष्ये आज पन्नास-शंभर डॉलरच्या पलीकडे क्वचित जातात, पुष्कळदा त्याहून खालीच विकली जातात. ऑनलाइन जाहिरातीत कोणी तीनशे मागतो, पण मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. विक्री पूर्ण झालेले व्यवहार शोधून पाहावेत, मगच बाजार कळतो.

बेअरचेच 1960 च्या आसपासचे कोडियाक रिकर्व्ह मात्र कित्येक पटींनी महाग विकले जाते, याचे अनेकांना नवल वाटते. कारण सरळ आहे. चांगल्या स्थितीतल्या जुन्या रिकर्व्हला नवी दोरी लावा, ते आजही तितक्याच डौलाने बाण सोडते. त्याला संग्राहकही आहे आणि वापरणाराही. जुन्या कंपाउंडला चाके, केबली, आस असे सुटे भाग लागतात आणि ते बनवणारे बहुतेक उरलेले नाहीत. शिकाऱ्यालाही ते नको असते: तेव्हाची धनुष्ये आसापासून आसापर्यंत चार फुटांच्या घरात लांब होती आणि बाणाचा वेग सेकंदाला दोनशे फुटांच्या आसपास होता. आजची तीस-बत्तीस इंचांची धनुष्ये तीनशे फूट सहज ओलांडतात आणि लेट-ऑफ ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेला आहे. वापरणारा गेला की मागे फक्त संग्राहक उरतो, आणि संग्राहक मोजकेच असतात. ओनायडा ईगल हा एक सन्माननीय अपवाद. रिकर्व्हसारखी टोके आणि आत दडलेली तरफ असलेल्या या वेगळ्याच रचनेचे चाहते ती अजूनही वापरतात, म्हणून तिला मागणी आहे.

आता धनुष्य हातात घेऊन तपासू. पहिला नियम: दोरी ओढून पाहू नका, आणि बाण न लावता तर कधीही सोडू नका. बाण नसेल तर पात्यांत साठलेली सगळी ऊर्जा पात्यांवर, चाकांवर आणि केबलवर परत आदळते. जुने पाते त्याने फुटू शकते.

पात्यांपासून सुरुवात करा. ती बहुधा लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचे थर चिकटवून केलेली असतात. कापसाचा बोळा पात्याच्या दोन्ही बाजूंनी आणि कडांवरून हळू फिरवा. तंतू अडकले तर तिथे सूक्ष्म भेग आहे. टोकाशी, जिथे आस बसवण्यासाठी पाते दुभंगलेले असते, तिथे आणि रायझरच्या बोल्टजवळ विशेष लक्ष द्या. थर सुटलेले पाते फक्त भिंतीवर शोभेसाठी.

मग केबल. जुन्या कंपाउंडची केबल पोलादी तारांची, बहुधा वर प्लॅस्टिकचे आवरण असलेली. तिच्या टोकाला अश्रूच्या थेंबासारखी धातूची कडी असते आणि त्या कडीत दोरीचे टोक अडकते. या सोयीमुळे धनुष्य यंत्रात न दाबताही दोरी बदलता यायची, हे त्या काळच्या कारागिरीचे खरे कौतुक. पण झीजही इथेच होते. कडीच्या मानेशी आवरण तडकलेले असते, आत गंज उतरतो आणि तारेचा एखादा धागा तुटून काट्यासारखा बाहेर येतो. एक जरी काटा दिसला तरी ते धनुष्य ताणायचे नाही. पोलादी केबल तुटते तेव्हा ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते.

चाक जवळून पाहा. अनेक चाकांवर त्या दोन मुख्य खाचांखेरीज दोरीसाठी तीन बारीक खाचा असतात. दोरी एका खाचेतून दुसरीत नेली की ताणाची लांबी थोडी कमीजास्त होते. वरच्या चाकाला मधली खाच आणि खालच्याला शेवटची वापरलेली असेल, तर आधीच्या मालकाने काहीतरी बिघडवले आहे. दोन्ही चाके एकाच क्षणी वळायला हवीत. एक आधी वळले तर दोरीचा मध्य वरखाली होतो आणि बाण भरकटतो. या एका दुखण्याने तिरंदाजांना दोन दशके छळले. 1992 मध्ये मॅट मॅकफर्सन यांच्या मॅथ्यूज कंपनीने खाली एकच कॅम (विषम आकाराचे चाक) आणि वर साधे गोल चाक असलेले धनुष्य आणले, तेव्हा जुळवण्याचा प्रश्नच बराचसा मिटला. जुने कंपाउंड म्हणजे कुठपर्यंतचे, असे विचाराल तर मी रेघ इथे ओढेन.

दोरी बदलायची झाली तर मूळ प्रकारचीच, म्हणजे डेक्रॉनची घ्या. डेक्रॉन किंचित ताणली जाते आणि धक्का पिते. 1980 च्या दशकापासून आलेले न ताणले जाणारे धागे तो धक्का थेट जुन्या टोकांवर पोहोचवतात.

मूळ स्थितीला संग्राहक पैसे मोजतात. मूळ रंग, मूळ चिकटपट्टी, माहितीपत्रक, खोके, बिल. रायझर नव्याने रंगवून चकचकीत केला की किंमत वाढते, हा समज अगदी उलटा आहे. चिकटपट्टी खरवडून काढलीत तर काळ ओळखण्याची खूण तुम्ही स्वतः पुसलीत. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, एवढे पुरे. डावखुऱ्यांची धनुष्ये कमी असतात, पण ती घेणारेही कमी, त्यामुळे दुर्मीळपणाचा भाव त्यांना हमखास मिळतो असे नाही.

आपल्याकडे कंपाउंड शिकारीतून नव्हे तर मैदानातून आले. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडचे वैयक्तिक विजेतेपद पटकावले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडलेले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. या मुलांच्या हातातल्या कॅमची घडण अ‍ॅलन यांच्या चाकापेक्षा पार वेगळी आहे, पण आसापासूनची दोन अंतरे बदलत नेऊन भार उतरवायचा, हे गणित तेच आहे. हे ध्यानात घेतले की त्या पहिल्या लाकडी रायझरच्या धनुष्यासाठी माणसे एवढी का धडपडतात ते कळते.

असे धनुष्य घरी आणलेच तर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने पात्यांचा चिकटा सुटतो. रिकर्व्हची दोरी उतरवून ठेवतात, कंपाउंड मात्र दोरी लावलेलेच ठेवायचे असते. उत्साहाच्या भरात बोल्ट सैल करत गेलात तर पाते खोबणीतून निसटते. कोरड्या खोलीत, चाकांवर किंवा केबलवर भार न देता, रायझरच्या आधाराने दोन रुंद खुंट्यांवर टांगावे. शेजारी एका कागदावर ते कोणाकडून, केव्हा आणि कितीला घेतले, कोणत्या पाउंडांचे आहे आणि चिकटपट्टीवर काय लिहिले आहे, ते नोंदवून ठेवावे. पुढच्या खरेदीदाराचा पहिला प्रश्न त्याचाच असेल.