नागपूर ते धापेवाडा, पायदळ

नागपूरच्या मध्यावर झीरो माईलचा दगडी खांब उभा आहे. इंग्रज अमदानीत, १९०७ साली, जमिनीच्या मोजणीसाठी तो उभारला गेला आणि हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे त्यावर कोरली गेली. त्या यादीत पंढरपूर नाही. सरकारला पंढरपूरशी काय काम असणार? परंतु नागपूर जिल्ह्यातल्या भाविक शेतकऱ्याला विचाराल, तर इतर गावांची अंतरे त्याला सांगता येणार नाहीत, पंढरपूर मात्र किती लांब आहे ते तो अचूक सांगेल. सहाशे किलोमीटरांहून अधिक!

आळंदी-देहूकडच्या वारकऱ्याला पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पडते. अठरा-वीस दिवसांत तो वाळवंटात पोचतो. आमच्याकडचा माणूस रोज वीस किलोमीटर चालला, तरी त्याला महिन्याहून अधिक दिवस लागणार. पुन्हा एकादशी काही दरवर्षी एकाच सुमारास येत नाही. २०२३ साली ती २९ जूनला आली. तिला पायी गाठायचे, तर नागपूरकराने मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना घर सोडायला हवे. २०२४ साली ती १७ जुलैला आली. म्हणजे पहिला पाऊस पडून तिफण वावरात जायची वेळ, आणि नेमका तेव्हाच घरचा कर्ता रस्त्यावर! पेरणीचे आठ दिवस चुकले की कपाशीचे वर्ष चुकते. विठ्ठलाला हे कळत नाही असे थोडेच आहे?

तरीही विदर्भातून पायी जाणारे जातातच. रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपुराची पालखी चारशे वर्षांहून जुनी मानतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी १९६८ सालापासून जाते. पण ज्याच्या घरी दुसरा करता माणूस नाही, ज्याचे गुडघे गेले आहेत, जिला लेकीसुनांची बाळंतपणे सोडून निघता येत नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी आमच्याकडे धापेवाडा आहे.

देवच चालत आला

धापेवाडा हे नागपूरच्या वायव्येला, कळमेश्वर तालुक्यातले गाव. गावाला लागून वाहणाऱ्या नदीचे नावही चंद्रभागाच. पंढरपुरी भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. इथे नदीचे मूळ नावच ते. तिच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे, आणि सारा मुलूख या गावाला विदर्भाचे पंढरपूर म्हणतो.

गोष्ट सांगतात ती अशी. इथले कोलबास्वामी नेमाने पंढरीची वारी करीत. वय झाले, पाय थकले, वारी चुकणार म्हणून जीव कासावीस झाला. तेव्हा देवाने दृष्टांत दिला, की आता तू येऊ नकोस, मीच तुझ्या गावी येतो, विहिरीत शोध. विहिरीत मूर्ती सापडली आणि तिची स्थापना झाली. एकादशीचा सोहळा आटोपला की देव पंढरपुराहून निघतो आणि गुरुपौर्णिमेला धापेवाड्यात येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून इथली मोठी यात्रा एकादशीनंतर, पौर्णिमा-प्रतिपदेच्या सुमारास भरते. तोवर बहुतेकांची पेरणी उरकलेली असते, डवरणी-निंदणाला अजून अवकाश असतो. शेतकऱ्याच्या सवडीने येणारा हा देव मला तरी फार शहाणा वाटतो.

ट्रंकेतली माळ

२०२४ साली गुरुपौर्णिमा २१ जुलैला, रविवारी आली. आमच्या मोठ्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, आधीच बजावून ठेवले होते, “बाबू, आवंदा मी धापेवाड्याले पायदळ येतो. तू संगं चाल.”

मोठी आई सत्तरीची. उजवा गुडघा सुजलेला. जिनासुद्धा जपून चढा, असे डॉक्टरांनी सांगितलेले. पण तिला नाही म्हणणे अवघड होते, आणि त्याचे कारण एक तुळशीची माळ होती.

ही माळ मोठ्या बाबांनी फार वर्षांपूर्वी धापेवाड्याच्याच जत्रेत घेतली होती. पण गळ्यात घातली नाही. माळ घातली की वारी चुकवता येत नाही, असा वारकऱ्याचा नेम. मोठे बाबा शब्दाचे पक्के. वारी जमेल याची खात्री होईपर्यंत माळ घालायची नाही म्हणाले. आधी बहिणींची लग्ने, मग मुलींची. नंतर विहिरीचे कर्ज, नंतर बैल गेला. माळ ट्रंकेत पडून राहिली आणि २०२३ च्या थंडीत मोठे बाबा गेले. मोठी आई म्हणत होती, ती माळ एकदा तरी पायी चालत देवाच्या पायांशी गेली पाहिजे.

आदल्या दिवशी पावसाने नागपूरला झोडपून काढले होते. पहाटे चार वाजता आमच्या वस्तीतल्या भजनी मंडळाबरोबर आम्ही काटोल नाक्यावरून निघालो. तीस-पस्तीस माणसे, दोन पताका, एक मृदंग आणि टाळ. निम्म्याहून अधिक बायका. धापेवाडा इथून तीसेक किलोमीटर.

अंधारात चालण्याचे एक बरे असते. पुढे किती उरले ते दिसत नाही. समोरच्याच्या पाठीकडे पाहत आणि टाळांवर पाऊल टाकीत माणूस सहज दोन कोस जातो. फेटरीच्या अलीकडे उजाडले. दोन्ही बाजूंची काळी जमीन पाणी पिऊन फुगली होती. ही माती पायाला लागली की सोडत नाही. रस्ता सोडून चार पावले आत गेलेला माणूस परतला, की प्रत्येक चपलेला अच्छेर माती घेऊन येतो. म्हणून शहाणे लोक डांबराची कड धरून चालतात, आणि ओली चपल चावू लागली की ती काढून कमरेच्या पिशवीत टाकतात.

फेटरीनंतर मळे आणि बागा लागतात. संत्र्याला या दिवसांत आंबिया बहाराची फळे धरलेली असतात, हिरवी, लिंबाएवढी. एका बागेच्या तोंडाशी चहाची किटली घेऊन घरची माणसे उभी होती. पुढे एकाने तर्री-पोह्यांचे पातेले मांडले होते. पैसे विचारले तर रागावला. “मले जाता येत नाही ना भाऊ. दुकान हाय. तुम्ही खा, म्हंजे माह्या वाटचं चालनं झालं!”

इटलीतला शिक्का

हे वाक्य ऐकून मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो नोकरीनिमित्त युरोपात असतो. सुटीत इटलीतल्या एका जुन्या यात्रामार्गावर तो दिवसभर चालला होता, आणि त्याचे वर्णन त्याने मला मोठ्या उत्साहाने केले होते. इंग्लंडातल्या कँटरबरीपासून रोमपर्यंतची ही वाट. इसवी सन ९९० च्या सुमारास सिगेरिक नावाचा कँटरबरीचा आर्चबिशप रोमला गेला. परतीच्या वाटेवरच्या ७९ मुक्कामांची नावे लिहून ठेवलेली आहेत, आणि त्या यादीवरून आजचा मार्ग आखला गेला. लुका, सान जिमिन्यानो, सिएना ही गावे त्याच वाटेवर. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे, पांढऱ्या मातीचे रस्ते आणि टेकडीवर तटबंदीचे गाव. यात्रेकरूजवळ एक पुस्तिका असते. मुक्कामागणिक तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्के दाखवले की रोममध्ये प्रमाणपत्र मिळते.

मला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली. मध्ययुगात तिकडच्या लोकांना स्वतः जाता आले नाही, तर ते दुसऱ्याला आपल्या वतीने पाठवीत. मृत्युपत्रात पैसे ठेवून जात, की माझ्या नावाने कोणीतरी रोमला किंवा सांतियागोला चालत जावे. म्हणजे आपले पाय चालले नाहीत तरी दुसऱ्याच्या पायांनी यात्रा घडते, ही कल्पना तिकडेही होती. तिथे त्यासाठी मृत्युपत्र करीत, इथे पोह्यांची बशी पुढे करतात.

कळमेश्वर

अकराच्या सुमारास कळमेश्वरला पोचलो. निम्म्याहून अधिक वाट मागे पडली होती. एका ओट्यावर बसून शिदोऱ्या सोडल्या. ज्वारीची भाकर, झुणका, जवसाची चटणी आणि कांदा. मोठी आई जेवली नाही. तिने लुगडे वर सारून गुडघा दाखवला तेव्हा मी घाबरलो. तो खरबुजासारखा झाला होता. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

मंडळाच्या बायका गोळा झाल्या. कोणी तेल लावले, कोणी पट्टी बांधली. ती उठली, दहा पावले चालली आणि खांबाला धरून उभी राहिली. अजून दहा-बारा किलोमीटर जायचे होते. धापेवाड्याकडे जाणारी एस. टी. समोर उभी होती. मी काही बोललो नाही. तिला बसमध्ये बस म्हणणे म्हणजे मोठ्या बाबांची वारी दुसऱ्यांदा मोडणे, असे मला वाटत होते; आणि चल म्हणणे म्हणजे तिचा पाय कायमचा घालवणे.

निर्णय तिनेच घेतला. पदराच्या गाठीतली माळ सोडून तिने माझ्या हातात दिली.

“हे घे. माळ पायदळ गेली पाह्यजे. मी मोटारीनं गेलो तं चालते.”

“अन् तुझं चालणं?”

“माहं इतलं झालं ना बाप्पा! त्या कोलबास्वामीचे पाय थकले तं देव आला का नाही? थो काही रागावला नाही. तू चाल. मी पुढं जाऊन जागा धरतो.”

आणि खरोखरच ती एस. टी.त चढली, खिडकीशी बसली आणि आम्हाला हात केला.

नंतरची वाट मी कशी चाललो ते सांगण्यासारखे नाही. सगळेच तसे चालतात. पोटऱ्या दगड होतात, तळव्याला फोड येतो, सावली दिसली की बसावेसे वाटते आणि बसले की उठवत नाही. अनुभवी लोक म्हणून उभ्याउभ्याच दम खातात. मुठीत माळ होती. मी काही मोठा भाविक नाही. एकादशीला उसळ मिळते म्हणून उपास करणाऱ्यांपैकी मी. पण ज्या माणसाने शब्द मोडू नये म्हणून जन्मभर माळ घातली नाही, त्याचे ओझे हातात असताना बस थांबवायचे मनात आले नाही.

तीन वाजता धापेवाड्याची गर्दी सुरू झाली. चारी वाटांनी दिंड्या येत होत्या. चंद्रभागा गढूळ पाण्याने भरून चालली होती. काठाकाठाने प्रसादाची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकाने. मोठी आई देवळाजवळ एका भिंतीशी पाय पसरून बसली होती आणि शेजारच्या तीन बायकांना तिने आमची सारी कथा सांगून टाकली होती.

रांगेत दोन तास गेले. विठ्ठलाच्या पायांना माळ लावली. माझ्या समजुतीप्रमाणे काम संपले होते. माळ तिथे ठेवायची किंवा नदीत सोडायची. मोठी आई मात्र ती घेऊन बाहेर आली आणि ओवरीत बसलेल्या एका वृद्ध वारकऱ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “महाराज, हे माह्या गळ्यात घाला.”

त्यांनी विचारले, “माय, नेम माहीत हाय ना? दरसाल या लागते.”

“याच्यासाठीच तं घालून राह्यली. थो भेत होता. मी नाही भेत. मले चालता नाही आलं तं हा चालीन,” असे म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवले.

माझी संमती कोणी विचारली नाही. २०२५ साली गुरुपौर्णिमा १० जुलैला होती. मोठी आई बसने गेली आणि मी पायी.

वाचकांपैकी कोणाला जावेसे वाटले तर त्यांनी आषाढी पौर्णिमेच्या पहाटे निघावे. नवे बूट घालू नयेत. मोजे दोन जोड घ्यावेत, पाणी थोडे घ्यावे, वाटेत मिळते. दर्शन झाल्यावर पायात जीव असेल तर जवळच अदासा आहे, तिथल्या टेकडीवरचा भव्य गणपती पाहून यावे. आणि घरात कोणाला जायचे होते पण जमले नाही, असे कोणी आहे का, हे निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे. त्यांची एखादी वस्तू बरोबर न्यायला फारशी जागा लागत नाही.