आतल्या खोलीची जोडणी

घरात दूरचित्रवाणीचा संच एकच असला, की सायंकाळी सातपासून दहापर्यंत त्याच्या ताब्याविषयी जे तंटे उद्भवतात, त्यांचा रोज नवा निवाडा करीत बसण्यापेक्षा आतल्या खोलीत दुसरा संच बसवून टाकावा, अशी तजवीज बहुतेक कुटुंबप्रमुखांप्रमाणे मीही केली. आणि जुन्या अनुभवाच्या भरवशावर बाजारातून दोन तोंडांचा स्प्लिटर व दहा मीटर तार आणून केबलवाल्याला न विचारताच कामाला लागलो.

जुना अनुभव खोटा नव्हता. ज्या काळी गच्चीवरून लोंबणाऱ्या काळ्या तारांनी चाळीचाळीत उपग्रह वाहिन्या उतरविल्या, त्या काळी सर्व वाहिन्या तारेतून उघड्या, बिनकुलपाच्या येत असत आणि त्यांतली हवी ती वेचून घेण्याचे काम संच स्वतःच करी. त्यामुळे तारेला फाटा फोडला की दुसऱ्या खोलीचे काम झाले. १९९५ च्या केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसाठी आणि ३१ मार्च २०१३ ही पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांसाठी डिजिटल प्रक्षेपणाकडे वळण्याची मुदत ठरली, आणि तारेतून येणारा मजकूर कुलूपबंद झाला. ते कुलूप उघडण्याची किल्ली सेटटॉप बॉक्समध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत डब्यात, असते. आणि प्रत्येक डब्याची नोंद संचालकाच्या दप्तरी स्वतंत्र असते. माझ्या आतल्या संचाने ‘सिग्नल नाही’ एवढेच बजावल्यावर अखेर ज्याला बोलाविले, तो केबलवाला हसून म्हणाला, “काका, तार आली, पण डबा कुठंय?”

हॉलमधल्याच डब्यातून लांब तार ओढून दोन्ही संच चालविता येतात, हे खरे; परंतु मग दोन्हीकडे एकच वाहिनी दिसते आणि रिमोटचा तंटा भिंतीपलीकडून सुरू राहतो. डोक्यावर डीटीएचची छत्री असणाऱ्यांनी तर साधा स्प्लिटर हातीही धरू नये. तेथे डबा तारेतूनच १३ किंवा १८ व्होल्टचा दाब वर पाठवून छत्रीला हवी ती लहर मागतो, आणि दोन डब्यांनी एकाच वेळी दोन निरनिराळ्या मागण्या केल्या की गोंधळ होतो. तेथे दोन तोंडांचा एलएनबी, म्हणजे छत्रीपुढचा लहरी टिपणारा भाग, बसवावा लागतो.

केबलच्या घरात मात्र दुसरा डबा आल्यावरही माझा स्प्लिटर वाया गेला नाही. तो येणाऱ्या शक्तीचे दोन वाटे करतो आणि थोडी दलाली स्वतःकडे ठेवतो, म्हणून प्रत्येक वाट्याला निम्म्याहून किंचित कमीच येते. पूर्वी अशा अशक्त तारेवर पडद्यावर मुंग्या धावत. आता चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि मग एकाएकी अंधार. आमच्याकडे तसेच झाले, पण दोष स्प्लिटरचा नव्हता. मी तार सोलली होती भाजीच्या सुरीने; बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तांबूस गाभ्याला टेकून राहिला होता. केबलवाल्याने तो नखाने उडविला, टोकाला नवा कनेक्टर पिळला, आणि चित्र स्थिर झाले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. एकाच घरातल्या जादा संचासाठी जोडणीशुल्क पहिल्या संचाच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये आणि त्यावर हव्या त्या निराळ्या वाहिन्या निवडू द्याव्यात, असा नियम २०२० साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घातला. २०२४ मध्ये जोडणीशुल्कावरची कमाल मर्यादा मात्र उठविण्यात आली, तेव्हा दुसऱ्या डब्याचा दर आधी विचारूनच घ्यावा. आणि पावतीवर दोन्ही डब्यांचे क्रमांक खोलीच्या नावासह लिहून मागावेत. नाहीतर पुढेमागे आतला बंद करा म्हणून कळविले, की नेमका हॉलमधला बंद होतो.