एक फोटो दोनदा आला तर

सकाळी ८. वणीतल्या घरी लॅपटॉप उघडून आधी रात्रीच्या पाइपलाइनचा अहवाल बघतो. कापसातल्या कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग पांढऱ्या कागदावर पसरून शेतकरी फोटो पाठवतात आणि मॉडेल ते मोजतं. वाधवानी एआयचं ‘कॉटनएस’ ॲप याच तऱ्हेनं चालतं; आमचं काम त्याच जातीचं, पण लहान.

मारेगावकडच्या एका शिवारातून तोच फोटो दोनदा आलाय. फोन केला. ‘रेंज नव्हती न भाऊ, म्हणून पुन्हा टाकला.’ बरोबरच केलं त्यानं. गोची आमच्या बाजूला होऊ शकते: चार पतंगांचे आठ झाले, तर सल्ला बदलतो. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग, ही फवारणीची पातळी. आणि जिथं रेंज तुटते तिथं ती रोजच तुटते, तेव्हा खोटे आठ सलग तीन रात्री दिसणं अवघड नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. विनाकारण एक फवारणी सुचवणं इथं किरकोळ गोष्ट नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीला एक किल्ली: सापळ्याचा क्रमांक, तारीख आणि फोटोचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा. तीच किल्ली पुन्हा आली की नवी ओळ जोडायची नाही, जुनीवरच लिहायचं. मूळ फोटो मात्र वेगळ्या बकेटमध्ये जसेच्या तसे. मॉडेल बदललं की सगळे परत मोजता येतात.

११ वाजता पुण्याच्या टीमशी कॉल. नवं काम कोळसा वाहतुकीचं, ट्रकच्या काट्यावरच्या पावत्यांचं. सर्व्हर उभे करणारं टेराफॉर्मचं मॉड्यूल तेच, कच्चा-स्वच्छ-अहवाल हे तीन थर तेच; नावं बदलली की तासाभरात सगळं उभं. ‘किल्लीपण तीच पद्धत? गाडी नंबर आणि तारीख?’ एकानं विचारलं. इथंच थांबवलं. एकच ट्रक दिवसात तीनदा काट्यावर चढतो. ती किल्ली लावली तर दोन खेपा गायब, आणि कुठंही एरर नाही! इथं पावती क्रमांक हवा. किल्ली हवी हा नियम सगळीकडे नेता येतो, कोणती हवी हे काट्यापाशी उभं राहूनच कळतं.

दुपारी जेवण, थोडी झोप. वर्क फ्रॉम होमचा एवढा तरी फायदा घ्यावा.

३ ते ५ पतंग मोजणाऱ्या मॉडेलची परीक्षा. माणसांनी मोजलेल्या फोटोंवर नवं मॉडेल नापास झालं तर ते पुढे जात नाही. परीक्षा घेणारा कोड कुठंही चालेल. प्रश्नपत्रिका इथलीच लागते. सावली पडलेला कागद, चिकटून बसलेले पतंग, अर्धवट पंख. ऑफिसच्या उजेडात काढलेल्या फोटोंवर सगळीच मॉडेलं हुशार असतात.

संध्याकाळी ६. सगळ्या कामांसाठी वापरतो त्या टेम्प्लेटमधला किल्लीचा रकाना मुद्दाम रिकामा केला. तो भरून, कारणाची एक ओळ लिहिल्याशिवाय काही डेप्लॉय होणार नाही. लगेच पुण्याहून मेसेज आला: ‘दादा, डिफॉल्ट का काढलं? वैताग आहे.’

वणीला आलास की काट्यावर घेऊन जातो, असं कळवून लॅपटॉप मिटला.